लोणच्याला लागलेला हात

बदलीचा हुकूम हाती पडला त्याच दिवशी उमानं भिंतीतले खिळे उपटायला घेतले. तिचे खिळे, बरं का. लग्नात माहेरहून आलेला आरसा टांगायला तिच्या बापानं दिलेले. वाकडे झालेले खिळे तिनं उंबऱ्यावर ठेवून बत्त्यानं ठोकून सरळ केले आणि चिंधीत बांधले. जालन्याच्या मस्तगडातल्या त्या माळवदाच्या घरात नऊ वर्षं काढली होती बाईनं, पण जाताना भिंतीत आपला एक खिळा ठेवायचा न्हाई, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

भालचंद्र, म्हणजे तिचा नवरा, तहसिलीत कारकून. बदली झाली मंठ्याला. माणूस म्हणजे गरीब गाय, कुणीही शिंगाला धरावं. त्याला वाटलं, बायको काटकसरी, म्हणून खिळे काढून राह्यली. काटकसरी तर ती होतीच. पण खिळ्यांमागं काटकसर न्हवती, वैर होतं. आणि ते मोठ्या जावेशी होतं, नंदाबाईंशी.

हे वैर समजून घ्यायचं तर लोणच्यापासून सुरुवात करावी लागते. हसू नका. लोणच्यावरून माणसाचा जन्म नासतो, हे ज्याच्या घरात बरणी आहे त्याला विचारा.

रझाकारीच्या साली उमाचं लग्न झालं. त्याच उन्हाळ्यात घरात वर्षाचं लोणचं घातलं आणि आषाढात बरणी उघडली तर वर ही पांढरी बुरशी! अख्खी बरणी उकिरड्यावर गेली. नंदाबाईंनी भरल्या घरात सांगून टाकलं, "नव्या नवरीनं अडचण लपवली न् बरणीला हात लावला. दुसरं काय?" त्या काळचं सोवळ्याओवळ्याचं घर ते. बाई बाहेर बसली की तीन दिवस तिची सावलीसुद्धा पापड-लोणच्यावर पडू द्यायची न्हाई. विटाळाचा हात लागला की लोणचं नासतं, यावर त्या घराचा देवाइतकाच विश्वास. उमाचाही होता, खोटं कशाला सांगा. पण तिनं हात लावला न्हवता. उलट तिनं एक गोष्ट बघितली होती. फोडींवर तेल चढलंच न्हवतं. नंदाबाईंनी हात आखडून तेल घातलं होतं, आणि करडीच्या तेलाचा भरलेला डबा कोठीत तसाच उभा होता. तो डबा उमानंच पुसून ठेवला होता. पण सतरा वर्षांची नवी नवरी काय बोलणार? बोलली असती तर उलट उत्तरं देते म्हणून आणखी एक शिक्का बसला असता.

शिक्का एकदा बसला तो बसला. त्यानंतर कैऱ्या धुवायला उमा, पुसायला उमा, मीठ कुटायला उमा, आणि फोडी झाल्या की "तू जरा लांब हो." वडीगोद्रीच्या चुलत सासूबाईंनी, काकूंनी, ही गोष्ट साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांत पोहोचवली. कुणाच्या लग्नात उमा स्वयंपाकघरात शिरली की बायका एकमेकींकडं बघायच्या. तेही तिनं गिळलं असतं. पण सासूबाई गेल्या तेव्हाचं तिला गिळता आलं न्हाई. दोन वर्षं त्यांचं हगणंमुतणं उमानं काढलं. शेवटच्या दिवशी तिनं पळीनं तोंडात पाणी घालायला घेतलं तर नंदाबाई म्हणाल्या, "तिच्या हातचं नको, त्यांना चालायचं न्हाई." आणि सासूबाईंनी खरंच तोंड फिरवलं. पळी नंदाबाईंनी घेतली. ज्या हातानं धुतलं-पुसलं, त्या हातचं पाणी न घेता ती म्हातारी गेली. त्या दिवसापासून उमाच्या पोटात काहीतरी पेटलं ते विझलंच न्हाई.

तर आता बदली झाली आणि बांधाबांध सुरू झाली. उमाची काटकसर बघण्यासारखी होती. मंठ्याकडचा कडूबा नावाचा शेतकरी मोंढ्यात ज्वारी घालायला आला होता आणि त्याची गाडी रिकामी परत जाणार होती. उमानं नवऱ्याला दामटून मोंढ्यात पाठवलं न् गाडी ठरवून टाकली. भांडी वाटेत आपटू नयेत म्हणून मधे कडबा भरला, आणि तोच कडबा मंठ्याला पोचल्यावर बैलांपुढं टाकायचा ठरला. जुन्या धोतरांच्या वाकळा शिवल्या, त्यांत कपबश्या गुंडाळल्या. बाजेचं सुंभ सोडून त्याच सुंभानं गाठोडी आवळली. शेजारच्या रहिमुन्निसा आपांनी एक लाकडी खोकं आणून दिलं. उमाची त्यांच्याशी मागच्या दारानं जुनी मैत्री होती.

"उमा, जाते बखत दिल साफ करके जा," आपा म्हणाल्या. "कडवा साथ में नक्को ले जा."

"न्हाई नेत आपा," उमा गाठ आवळत म्हणाली. "कडू जिथलं आहे तिथंच ठेवून जाणार आहे."

मंग वाटणी झाली. घर थोरल्या भावाचं, नरहररावांचं, आणि नरहरराव नंदाबाईंचे. त्यामुळं वाटणी कशी झाली असेल ते सांगायला नको. चमडी जाईल पण दमडी जाणार न्हाई, असली बाई. बुडाला डाग दिलेलं पातेलं उमाच्या वाट्याला आलं, दांडा तुटलेली पळी आली, एक डगडगता पाट आला. प्रत्येक वस्तू पुढं करताना नंदाबाई म्हणत, "चांगलं आहे गं, जरा डागडुजी केलीस की जन्मभर जाईल." उमा म्हणत होती, "बरं आक्का." तिनं ठरवलंच होतं की वस्तूंवरून भांडायचं न्हाई.

नवं लोणचं नुकतंच घातलेलं होतं. कोठीत फळीवर तीन बरण्या, तोंडाला पांढरे दादरे बांधलेल्या. यंदाचं तेल उमानं लांबून बघितलं होतं. त्या एका सालानंतर नंदाबाईंनी लोणच्यात तेलाची कसर कधीच केली न्हवती. का केली न्हवती, हे दोघींनाच ठाऊक होतं.

"आक्का, लोणचं कशात देता? मी वाडगा आणू का?" उमानं विचारलं.

नंदाबाई हसल्या. रहिमुन्निसा आपा दारात होत्या, दूधवाली होती. सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या, "लोणचं कशाला नेतीस गं? तुझ्या हाताला टिकणार आहे का ते? उगं वाया जाईल. चटणी कुटून खात जा." मंग कोठीच्या दारात उभ्या असलेल्या उमाच्या लेकीला, ताराला, त्यांनी दंडाला धरून मागं ओढलं. "तू बी लांब हो. आईवर गेलीस म्हंजे झालं, हिच्या पुढं तुझाच नंबर."

उमानं पोरीचं तोंड बघितलं. आपल्यापुरतं होतं तोवर तिनं कसंतरी ढकललं होतं. आता हे पोरीच्या माथी जाणार, पोरीच्या लग्नात बायका एकमेकींकडं बघणार, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. आत जाऊन ती वाकळेच्या गाठोड्यावर बसली आणि दातओठ खात राह्यली.

आणि योग बघा. गाडी दुसऱ्या दिवशी निघायची, आणि आदल्या दिवशी सकाळीच उमाला अडचण आली.

नेमानं तिनं सांगायला पाहिजे होतं, परसात जाऊन बसायला पाहिजे होतं. तिनं सांगितलं न्हाई. न्हायली, जुनेर नेसली, केस बांधले, आणि कुणाला काही कळू न देता भांडी बांधत राह्यली. नऊ वर्षं शिक्षा भोगून झाली होती, गुन्हा तेवढा करायचा राह्यला होता. मंग जाता जाता तोही करून टाकू, असं तिनं ठरवलं. बदनाम तर आहेच, निदान काम तरी बराबर होऊ दे.

नंदाबाई महादेवाला गेल्या. नरहरराव दाढीला बसले. उमा कोठीत शिरली आणि दार आतून लोटून घेतलं. पहिल्या बरणीचा दादरा तिनं सोडला. भीती वाटलीच तिला, का न वाटावी? लहानपणापासून कानांत तेच भरलेलं. क्षणभर तिला वाटलं, अन्नाशी वैर धरून राह्यले मी, हे बरं न्हाई. मंग पळीकडून तोंड फिरवलेली सासूबाई आठवली आणि तिनं हात घातला. मनगटापर्यंत. तळाच्या फोडी चाचपून आली. तसाच दुसऱ्या बरणीत, तसाच तिसऱ्या. कंजूषपणानं एखादी राखून ठेवणाऱ्यातली ती न्हवती. हात काढला तेव्हा तांबडालाल तेलानं माखला होता आणि तिखटानं झोंबत होता. दादरे बांधले, फळी पुसली. न्हाणीत जाऊन राखेनं हात घासला तरी मोहरीचा वास काही गेला न्हाई.

"नास," ती मनात म्हणाली. "वर्षाचं लोणचं नास. साऱ्या मस्तगडाला वास येऊ दे."

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. देवांचा डबा तिनं भालचंद्राच्या मांडीवर दिला, स्वतः शिवली न्हाई. देवाशी तिचं भांडण न्हवतं. निघताना नंदाबाईंच्या पाया पडायची वेळ आली तर सामान धरायचं निमित्त काढून लांबूनच हात जोडले. वाटभर उजवा हात पदरात गुंडाळून बसली होती. मंठ्याला पोचल्यावर म्हणाली, "मला वाटेतच अडचण आली," आणि ओसरीवर बसली. नव्या घरात दूध उतू घालायचं काम भालचंद्रावर आलं. त्यानं ते इतकं मनापासून केलं की सकाळच्या चहाला दूधच उरलं न्हाई.

मंग उमानं वाट बघायला सुरुवात केली. घर लावलं, खिळे ठोकले, आरसा टांगला, डाग दिलेल्या पातेल्यात वरण शिजवलं, पण चित्त सगळं जालन्याच्या फळीवर. नरहररावांचं कार्ड आलं की विचारायची, "लोणच्याचं काही लिहिलंय का?"

"लोणच्याचं कोण कशाला लिहील?" भालचंद्र म्हणायचा.

आषाढ गेला, श्रावण गेला. तिला एवढंच हवं होतं की बरण्या उकिरड्यावर ओतताना नंदाबाईंचं तोंड कसं झालं ते कुणीतरी येऊन सांगावं. कुणी सांगितलं न्हाई. जालन्याहून येणारा-जाणारा म्हणायचा, सगळं बिलकुल खुशाल.

भादव्यात महालक्ष्म्या आल्या. थोरल्याच्या घरी सण, जावंच लागतं. मस्तगडाचं घर माणसांनी भरलं होतं. वडीगोद्रीच्या काकू आल्त्या, त्यांची नवी सून आल्ती, आणखी चुलत जावा, नणंदा. उमा या खेपेला स्वच्छ होती, सोवळ्यात होती. सोळा भाज्या चिरल्या, पुरण वाटलं, कंबर मोडली. आणि नैवेद्याचं पान वाढायच्या वेळी नंदाबाईंनी कोठीतून लोणच्याची बरणी आणून ठेवली.

दादरा सुटला. उमानं मान वर करून आत बघितलं.

वर बोटभर तांबडं तेल. बुरशीचा ठिपका न्हाई. असा खमंग वास सुटला की तिच्याच तोंडाला पाणी आलं. फोडी करकरीत, जणू काल घातलेल्या. पहिल्यांदा तिला राग आला, की साधं लोणचंसुद्धा आपल्याला नासवता आलं न्हाई! आणि त्या रागाच्या मागोमाग दुसरा राग आला, तो पहिल्याच्या दसपट होता. म्हणजे आपल्या हातात कधी काही न्हवतंच. त्या साली खरंच हात लावला असता तरी काही झालं नसतं. आणि या एका न झालेल्या गोष्टीपायी ती म्हातारी तोंड फिरवून मेली.

लोणचं महालक्ष्मीच्या पानात वाढलं गेलं. उमाच्या ओठावर शब्द आले होते. तिनं मुखवट्यांकडं बघून हात जोडले. "तुला चालत नसेल तर आत्ताच काय ते कर," ती मनात म्हणाली. महालक्ष्म्या हसत होत्या तशाच हसत राह्यल्या. त्यांचं झालं, मंग ब्राह्मण जेवले, पुरुष जेवले. कुणाला काही झालं न्हाई, उलट लोणच्याची दोनदा मागणी झाली. शेवटी सवाष्णींची पंगत बसली, लोणचं आधीच पानांत वाढून झालं होतं.

उमा वाढायला उठली तशा नंदाबाई पानावरूनच म्हणाल्या, "उमा, तू भात घे. लोणच्याला हात लावू नकोस." आणि काकूंच्या नव्या सुनेकडं वळून हसत सांगायला लागल्या, "आमच्या उमाची गंमत ठाऊक आहे का तुला? लग्नाच्या साली हिनं..."

झाली सुरू. तीच गोष्ट, तेच हसणं. नवी सून सतरा-अठराची असेल. ती उमाच्या हातांकडं बघायला लागली. उमानं भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"आक्का," ती म्हणाली, "यंदाचं लोणचं कसं झालंय?"

"झक्कास झालंय. सोवळ्यातलं आहे ना."

"मंग आता सांगते. मी मंठ्याला गेले त्याच्या आदल्या दिवशी मला अडचण आल्ती. मी सांगितली न्हाई. तुम्ही महादेवाला गेल्तात, तेव्हा मी तिन्ही बरण्यांत हात घातला. मनगटापर्यंत."

काकूंच्या हातातली फोड तोंडाशी गेली होती ती तिथंच थांबली.

"नंदे," काकू म्हणाल्या, "ही काय बोलून राह्यली?"

नंदाबाईंनी उमाच्या डोळ्यांत बघितलं आणि त्यांना कळलं की पोरगी खरं बोलते. आता काय करणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं म्हणावं तर महालक्ष्मीनं त्यांच्या घरी विटाळाचं खाल्लं, ब्राह्मणांनी खाल्लं, पंगतीनं खाल्लं. गावभर छी-थू, घराला दोष, आणि पुन्हा कुणी सवाष्ण त्यांच्या दारी जेवायला येणार न्हाई. उमा शांतपणे उभी होती. तिला घाई न्हवती.

"चेष्टा करते ती," नंदाबाई कशाबशा म्हणाल्या.

"महालक्ष्मीसमोर चेष्टा?"

"रागानं बोलली हो काकू. लावला न्हाई तिनं हात. मला ठाऊक आहे ना. उमा तसली न्हाई. ती असलं कधी करायची न्हाई."

"कधी न्हाई?" काकू हट्टाच्या. त्यांनी फोड पानात ठेवली. "मंग लग्नाच्या साली कसं केलं? तूच सांगितलंस, मी दहा गावांत सांगितलं. तसली न्हाई तर तवा कशी होती?"

सगळ्या पंगतीच्या माना त्यांच्याकडं.

"तवाबी... न्हवता लावला."

"मंग लोणचं नासलं कशानं?"

"तेल कमी पडलं होतं." आवाज इतका बारीक की नव्या सुनेनं मान पुढं केली. "रझाकारीची धामधूम होती, तेल मिळत न्हवतं..."

"डब्यात होतं, आक्का," उमा म्हणाली. "भरलेला होता. मी पुसून ठेवला होता."

मंग नंदाबाई म्हणाल्या, "होतं. मी राखून ठेवलं होतं."

"आणि सासूबाईंनी माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई," उमा म्हणाली. "तेव्हाबी तुम्हाला ठाऊक होतं."

नंदाबाईंनी मान खाली घातली. काकू त्यांच्याकडं बघत राह्यल्या. म्हातारी तोंडाळ होती, पण खोटी न्हवती. ज्या तोंडानं ती गोष्ट दहा गावांत सांगितली ते तोंड आता तिला झोंबलं असावं.

"मंग आता हिलाच वाढू दे की लोणचं," काकू म्हणाल्या. "उठ नंदे, दे तिच्या हातात बरणी."

नंदाबाई उठल्या. बरणी उचलून त्यांनी उमाच्या हातात दिली. उमानं पळी घेतली न्हाई, हातानंच वाढलं. काकूंना वाढलं, नव्या सुनेला वाढलं, जावा-नणंदांना वाढलं. सगळ्यांनी खाल्लं, काकूंनी तर बोटं चाटली. आणि उमा शेवटी नंदाबाईंच्या पानाशी आली, तर नंदाबाईंनी पानावर आडवा हात धरला होता.

त्या पंगतीत खरं काय ते दोघींनाच ठाऊक होतं.

"हात काढा, आक्का," उमा म्हणाली.

काकू बघत होत्या. सगळ्याच बघत होत्या. नंदाबाईंनी हात काढला. उमानं चांगल्या मोठ्या दोन फोडी बघून वाढल्या, वर खार घातला, आणि पहिली फोड त्यांच्या तोंडात जाऊन गिळली जाईपर्यंत ती तिथून हलली न्हाई.